अण्णांची बाजू पाठ होती, माझी लिहायला पन्नाशी उलटली

गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, तेव्हा मी सातवीत होते. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, अण्णा म्हणजे माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आई घरी, मी मोठी आणि माझ्यामागे एक भाऊ. अडीच लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे सगळं गिरणगावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा ती तुम्हाला संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभेपासून गावी भात लावायला परत गेलेल्या माणसांपर्यंत सगळं सांगेल. मी पण सांगायचे. अण्णा का प्यायला लागले, का हात उचलायला लागले, का रात्री वॉचमनची नोकरी करताना त्यांना कमीपणा वाटायचा, हे मी इतकं छान समजावून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं हिला काही झालेलंच नाही. आणि मला पण तसंच वाटायचं.

हे लिहितेय कारण गेल्या चार-पाच वर्षांत मी घरी बसून स्वतःचं स्वतः जे काय केलं, वाचून, वहीत लिहून, नंतर थोडी मदत घेऊन, त्याबद्दल मराठीत आपल्यासारख्या माणसाने लिहिलेलं मला फारसं सापडलं नव्हतं. पुस्तकं होती, भाषणं होती, पण पन्नाशीच्या पुढच्या, चाळीत वाढलेल्या, नोकरी करून पोरं मोठी केलेल्या बाईने असलं काही केलं तर नेमकं काय होतं, कुठे अडतं, ते नव्हतं.

तर झालं असं की मी एमटीएनएलला होते आणि जानेवारी २०२० ला जी मोठी व्हीआरएस झाली त्यात बाहेर पडले. दोन महिन्यांत लॉकडाऊन. डोंबिवलीचा टू बीएचके, नवरा घरी, मुलगी घरी, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला सकाळची लोकल पकडायची नव्हती. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडली आणि टीव्हीवर त्या लांबच लांब रांगा दाखवत होते, सगळे हसत होते, नवरा पण हसत होता, आणि माझ्या हाताला कंप सुटला. ताटातला भात खाली सांडला. तोंडाने मी काहीच बोलले नाही, पण उठून दाराची कडी नीट लागलीय का बघून आले, परत बसले, परत उठून बघून आले. घरात कोणी पिणारं नाही. नवऱ्याने आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. मग मी दाराशी कुणाची वाट बघत होते?

त्या रात्री पहिल्यांदा मला धड आठवलं की मी लहानपणी जिना ऐकायचे. आमच्या चाळीचा जिना लाकडी होता, आणि अण्णा चढताना कितव्या पायरीवर थांबतायत, पाय घासत येतायत का ठोकत येतायत, कठड्याला हात लावतायत का, यावरून मला कळायचं आज काय होणार. पाय घासत आले तर बरं, म्हणजे खूप झालीय, येऊन पडतील. ठोकत आले तर वाईट. मग आई हळूच म्हणायची, "गप रवा, बापूस इलो," आणि मी भावाची पाटी-दप्तर पलंगाखाली सरकवायचे, रॉकेलच्या पैशांचा डबा शेजारच्या काकींकडे द्यायचे, ताट वाढून ठेवायचे, पाण्याचा तांब्या उजव्या बाजूला, कारण डावीकडे ठेवला की त्यांना सापडायचा नाही आणि तिथूनच सुरू व्हायचं. हे सगळं मी इतक्या पटापट करायचे की त्याला काही नाव आहे असं कधी वाटलं नाही. नंतर वाचताना कळलं की याला हायपरव्हिजिलन्स म्हणतात, सतत पहाऱ्यावर असणं. धोका संपून कितीतरी वर्षं झाली तरी शरीराला कोणी सांगितलेलंच नसतं की आता पहारा उठलाय.

मी ऑफिसात फार लोकप्रिय होते बरं का. कुठला साहेब आज चिडलेला आहे हे त्याने बॅग टेबलावर ठेवली की मला कळायचं. भांडणं मिटवायला मला बोलवायचे. त्याचं सगळे कौतुक करायचे आणि मी घरी येऊन पाठदुखीच्या गोळ्या घ्यायचे.

वाचायला सुरुवात केली ती विवेकनिष्ठ मानसोपचारापासून, म्हणजे आरईबीटी, कारण मराठीत त्यावर बरंच साहित्य आहे. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिसशी बरीच वर्षं पत्रव्यवहार करून ती मराठी माणसापर्यंत आणली. मला खरं तर आधी ती कोरडी वाटली. विचार बदला म्हणजे भावना बदलतील, ठीक आहे, पण तेरा वर्षांच्या पोरीने कुठला विचार बदलायचा होता? मग एलिसचं स्वतःचं बालपण वाचलं. लहानपणी त्याला किडनीचा विकार होता, परत परत हॉस्पिटलात राहावं लागायचं, एकदा तर जवळजवळ दहा महिने, आणि आईवडील भेटायला क्वचित यायचे. हे वाचल्यावर मला तो माणूस आपला वाटला. सुखवस्तू घरात बसून त्याने हे सुचवलेलं नाही, स्वतः तगून राहायला जे वापरलं तेच नंतर त्याने दुसऱ्यांसाठी नीट मांडलं, असं मला वाटलं आणि मग मी वही आणली.

आरईबीटीतलं ए-बी-सी बऱ्याच जणांना माहीत असेल. ए म्हणजे घडलेली घटना, सी म्हणजे आपल्याला जे होतं ते, आणि आपण समजतो ए मुळे सी झालं, पण मधे बी असतो, आपली त्या घटनेबद्दलची धारणा. मी अगदी साधी घटना घेतली. नवरा बाहेरून आला, चप्पल जरा जोरात काढली, काही बोलला नाही. हा ए. माझी छाती आवळली, पोटात गोळा, मी धावत चहा टाकला आणि दोनदा विचारलं काही झालं का. हा सी. आता बी शोधायचा. वहीत पहिल्यांदा लिहिलं, "ते चिडलेत असं मला वाटलं." पण ते वरवरचं होतं, पुस्तकात सांगितलेलं होतं की पुढे विचारत जा, समजा चिडलेत, मग काय? मग काहीतरी फुटेल. मग काय? मग ते थांबवायला पाहिजे. कोणी? मी. मीच थांबवलं पाहिजे, आणि नाही थांबवलं तर जे होईल ते माझ्यामुळे.

हे वाक्य वहीवर उतरल्यावर मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसले. कोणी मला असं सांगितलं नव्हतं. म्हणजे आई म्हणायची, "तू मोठी ना," तेवढंच. पण घरातली शांतता हे माझं काम आहे असं मी बारा वर्षांची असताना ठरवून टाकलं आणि त्या नोकरीची व्हीआरएस कधी मिळालीच नाही.

मग डी, म्हणजे त्या धारणेशी वाद घालायचा. पुरावा काय? तर मी एक काम केलं जे मी प्रत्येकाला करून बघायला सांगेन, पण जपून. ज्या ज्या संध्याकाळी मी सगळं बरोबर केलं होतं, दप्तर पलंगाखाली, डबा काकींकडे, तांब्या उजवीकडे, भाऊ गप्प, आणि तरीही झालं, त्या आठवतील तेवढ्या लिहून काढल्या. पान भरलं. मागचं पान भरलं. आणि ज्या संध्याकाळी मी काहीच केलं नव्हतं, शाळेच्या गॅदरिंगला होते, आणि काही झालं नाही, त्यापण लिहिल्या. त्या यादीत माझ्या वागण्याचा आणि अण्णांच्या हाताचा काही संबंधच दिसेना. गुत्त्यावर उधारी बंद झाली का, वॉचमनच्या ड्युटीवर कोणी काही बोललं का, जुना साचेवाला दोस्त भेटला का, यावर सगळं होतं. मी नुसतीच पळत होते. चाळीस वर्षं मी मनात धरून होते की मी थोडं अजून चपळ असते तर. ती यादी बघून पहिल्यांदा मी ओरडून रडले, नवरा स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला सांगता येईना काय झालं, वहीच पुढे केली. त्याने वाचली आणि म्हणाला, "एवढं सगळं तू करायचीस?" मला कोणीतरी असं विचारावं ही माझी केवढी जुनी इच्छा होती ते तेव्हा कळलं.

नवीन धारणा मी अशी लिहिली, मला घरात शांतता आवडते आणि ती असावी असं मला वाटतं, पण ती राखणं माझ्या एकटीवर नाही, आणि कोणी चिडलं तर ते चिडलेलं मला सहन होण्यासारखं आहे. मी ते फ्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवलं कारण बाहेर चिकटवायची लाज वाटली. एलिसचं एक मला फार पटलं, तो म्हणत नाही की वाईट वाटून घेऊ नका. दुःख होणं, खंत वाटणं, राग येणं हे निरोगी असू शकतं. स्वतःला अपराधी धरून पोखरत राहणं हे निरोगी नाही. मला तोपर्यंत दोन्ही एकच वाटायचं, त्यामुळे अपराधीपणा नको म्हणून मी दुःखपण होऊ दिलेलं नव्हतं.

त्याच सुमारास पेनेबेकरबद्दल वाचलं. जेम्स पेनेबेकर हा पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याने १९८६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं, आणि ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे जाण्याच्या खेपा कमी झाल्या. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं होतं की लिहून झाल्याझाल्या त्या मुलांना जास्त वाईट वाटत होतं. हे लोक सांगत नाहीत. सगळे म्हणतात लिहा, मोकळं वाटेल. अहो लगेच नाही वाटत. मला त्या संध्याकाळी कोणाशी बोलायला नको असायचं, स्वयंपाक मुलीने केला.

आणि मी काय लिहिलं माहितीये? पहिल्या दिवशी पूर्ण पंधरा मिनिटं अण्णांबद्दल. साचाखात्यात इतका आवाज असायचा की माणसं ओठ बघून बोलायची आणि घरी पण ओरडूनच बोलायची. संपाआधी ते फक्त पगाराच्या दिवशी प्यायचे. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे आणि गणपतीत मला खांद्यावर घेऊन गर्दीतून न्यायचे. मालकांनी कसं फसवलं, युनियनने काय केलं, पीएफचे पैसे कधी मिळाले. सगळं खरं. एक शब्द खोटा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त अजून तपशील. वाचून बघितलं तर मी त्यात कुठेच नव्हते. मी अण्णांचं वकीलपत्र घेतलेलं होतं आणि माझी केस कोणाकडेच नव्हती.

मग मी पानाचे दोन भाग केले, मधे उभी रेघ. डावीकडे अण्णांचं, उजवीकडे माझं, आणि दोन्हीच्या मधे "पण" हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं. कारण "पण" आला की नेहमी माझं वाक्य मागे पडायचं. मला मारलं पण बिचाऱ्यांची नोकरी गेली होती. असं. आता दोन्ही शेजारी शेजारी, कोणी कोणाला खोडायचं नाही. त्यांची नोकरी गेली. मला मारलं. त्यांच्यावर अन्याय झाला. माझ्यावर अन्याय झाला.

उजव्या बाजूला जे लिहिलं त्यातलं एकच सांगते. १९८३ चा पावसाळा असावा, मी नववीत. आईने बांगड्याचं कालवण केलेलं, घरात बऱ्याच दिवसांनी मासे आलेले. अण्णा ठोकत आले. कशावरून झालं ते मला आठवत नाही, तांब्या उजवीकडेच होता. त्यांनी तोप उचलून भिंतीवर मारला. आई कोपऱ्यात, भाऊ तिच्या पदराखाली. ते झोपल्यावर मी फडकं ओलं करून भिंत पुसत बसले, आधी वरून खाली, मग चुना निघायला लागला म्हणून हलक्या हाताने, तरी हळदीचा पिवळा डाग राहिलाच, ताटाएवढा. आईने दुसऱ्या दिवशी कालनिर्णय काढून त्या डागावर लावलं, खिळा जरा खाली ठोकून. कोणी विचारलंच नाही कॅलेंडर इतकं खाली का. मी शाळेत गेले, त्या दिवशी भूगोलाची चाचणी होती, मला चांगले मार्क पडले. माझ्या अंगाला हळदीचा आणि माशाचा वास येतोय असं मला दिवसभर वाटत होतं आणि मी कोणाच्या जवळ बसले नाही.

हे लिहून झाल्यावर मला अण्णांचा राग आला तो अपेक्षित होता. अपेक्षित नव्हता तो आईचा राग. आई २०१६ ला गेली, शेवटी माझ्याकडेच होती, मी तिचं सगळं केलं, आणि आम्ही मैत्रिणी होतो असं मी सगळ्यांना सांगायचे. तिने पोळीभाजीचे डबे करून आम्हाला शिकवलं, तिच्या इतकं कोणी सोसलं नाही हे मला आजही शंभर टक्के मान्य आहे. पण भिंत मी का पुसली? चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला कोणी उठवून का म्हटलं नाही की जा झोप, उद्या चाचणी आहे तुझी? तो राग लिहायला मला अण्णांच्या रागापेक्षा जास्त दिवस लागले आणि तो लिहिताना मला उलटीसारखं व्हायचं. इथे मला थांबावं लागलं. झोप उडाली, पहाटे तीनला छाती धडधडायची, कडी बघणं परत सुरू झालं.

तेव्हा टेली मानस सुरू झालेलं होतं, सरकारी हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी रात्री फोन केला. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही. ती म्हणाली, ताई, हे एकटीने उपसायचं काम नाही, जवळच्या मानसशास्त्रज्ञाकडे काही सेशन करा, आणि लिहिणं थोडे दिवस बंद ठेवा. मी ऐकलं. आधी फिजिशियनकडून हार्ट आणि थायरॉइड तपासून घेतलं, मग सायकॉलॉजिस्टकडे काही महिने जात होते. सेल्फ-हेल्प म्हणजे कोणाकडे जायचंच नाही अशी काही शपथ नसते. माझं म्हणणं आहे की स्वतःचं काम स्वतः केलेलं असलं की तिथे गेल्यावर वेळ वाया जात नाही, माझी वही बघून ती सायकॉलॉजिस्ट म्हणाली अर्धा रस्ता तुम्ही चालूनच आलायत. आणि ज्यांना स्वतःला इजा करण्याचे विचार येतात किंवा आठवणींनी एकदम भान हरपतं, त्यांनी वहीपासून सुरुवात करूच नये, आधी माणूस गाठावा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

तिने मला दोन गोष्टी शिकवल्या ज्या मी अजून करते. एक श्वास. नाकाने चार मोजत आत आणि सहा किंवा आठ मोजत बाहेर, सोडणं लांब. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप जरा कमी होतो, त्यामुळे सोडणं लांबवलं की शरीराला निरोप जातो की धावायचं नाहीये. ऐकायला किरकोळ वाटतं. मला सुद्धा वाटलं होतं. पण विचारांशी वाद घालण्याआधी शरीर जरा खाली यावं लागतं, धडधडत्या छातीने ए-बी-सी होत नाही, हे मला वहीच्या अनुभवावरून पक्कं माहीत झालंय.

दुसरी गोष्ट म्हणजे तो प्रसंग डोळे मिटून परत बघायचा, पण या वेळी आजची मी त्या खोलीत शिरायचं. याला इमेजरी रीस्क्रिप्टिंग म्हणतात, आठवण बदलायची नसते, त्या आठवणीत जे मिळायला हवं होतं ते तिथे न्यायचं असतं. मला हे खूप नाटकी वाटत होतं आणि मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, वाटू दे, करून बघू. तर मी दारात उभी. खोलीत पिवळा बल्ब. दोन वेण्या घातलेली पोरगी भिंतीशी उकिडवी बसून पुसतेय. मी तिला काहीतरी मोठं सांगणार असं मला वाटत होतं, एवढं वाचलेलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "ठेव ते फडकं. ते मोठी माणसं पुसतील." आणि मी खाली बसून तिच्या हातातून ते घेतलं. माझ्या हाताच्या मुठी इतक्या आवळलेल्या होत्या की नखांचे वण उठले होते, आणि त्या सुटल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला जाणवलं की मी घरातलं ओट्यावरचं सांडलेलं लगेच पुसत नाहीये. जेवण पूर्ण करते, मग उठते. मुलीच्याच लक्षात आलं आधी.

मधल्या काळात अल-अनॉनच्या मीटिंगला पण जायला लागले, म्हणजे आधी झूमवर आणि मग प्रत्यक्ष. पिणाऱ्या माणसांच्या घरच्यांसाठी असते ती, अमेरिकेत १९५१ ला सुरू झाली, मुंबईत पण ग्रुप आहेत. मला वाटायचं पिणारा माणूस २००७ मध्येच लिव्हरने गेला, आता मी तिथे जाऊन काय बोलू. पण तिथे मोठी झालेली मुलं-मुली पण येतात. तिथे एक गोष्ट परत परत सांगतात की हे दारूचं दुखणं तुम्ही आणलेलं नाही, तुम्ही ते आवरू शकत नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. माझी ती दोन पानांची यादी आणि हे वाक्य एकच होतं. तिथलं बोललेलं बाहेर सांगायचं नसतं म्हणून बाकीच्यांचं काही लिहीत नाही. स्वतःपुरतं एवढं सांगते की जिना ऐकण्याबद्दल मी बोलले तेव्हा खोलीत चार-पाच माना हलल्या. कोणाचा जिना होता, कोणाचं फाटक, कोणाची स्कूटर.

एक प्रश्नावली पण मी भरून बघितली होती, एसीई नावाची. अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अँडा या दोन डॉक्टरांनी सतरा हजारांवर लोकांचा अभ्यास केला, त्याचा पहिला गाजलेला पेपर १९९८ चा, लहानपणीचे असे अनुभव जितके जास्त तितके मोठेपणी आजारांचे धोके जास्त असं त्यातून पुढे आलं. घरात पिणारा माणूस, आईला मारहाण, स्वतःला मारहाण, असे प्रश्न आहेत. माझ्या "हो" उत्तरांचा आकडा बऱ्यापैकी मोठा आला. मला त्याने आधी घाबरायला झालं, मग बरं वाटलं, की हे कुठेतरी मोजण्याइतकं खरं आहे. पण दोन गोष्टी मला बोलायच्या आहेत त्याबद्दल. तो आकडा लोकसंख्येबद्दल सांगतो, तुमचं पुढे काय होणार ते सांगत नाही, त्यामुळे तो कपाळावर लिहून घेऊ नका. आणि बापाची गिरणी बंद पडली, अख्ख्या वस्तीचा पगार एका दिवशी थांबला, याबद्दल त्यात प्रश्नच नाही. आमच्या मजल्यावर आमचं एकट्याचं घर नव्हतं. किती खोल्यांमध्ये कॅलेंडरं खाली लावलेली होती कोणास ठाऊक. म्हणून मी अण्णांची डावी बाजू कधी फाडून टाकली नाही, ती पण वहीत तशीच आहे.

नातेवाईकांचं मात्र अवघड आहे. गावी चुलत बहिणीला सांगितलं तर म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, माफ कर आणि मोकळी हो. ती चांगल्या मनाने म्हणाली. पण माफीची घाई करणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते की माझं ते चालू नाहीये. मी हिशोब मांडतेय. माफ करायचं का ते नंतर बघू, आणि नाही केलं तरी मी वाईट मुलगी ठरत नाही. माझं अण्णांवर प्रेम होतं आणि आहे. पखवाज ऐकला की मी चॅनेल बदलायचे, आता ऐकते, कधी अर्धा तास सुद्धा, कधी नाही ऐकवत तर बंद करते. दोन्ही चालतं.

काय बदललं असं मुलीने विचारलं तर मी म्हटलं, नवऱ्याने चप्पल जोरात काढली तर मी अजून दचकतेच, ते जाईल असं वाटत नाही. पण दचकल्यावर चहा टाकायला धावत नाही. बसून राहते, श्वास लांब सोडते, आणि हवं तर विचारते, "आज काय झालं ऑफिसात?" आणि तो सांगतो, किंवा म्हणतो काही नाही, गाडीत गर्दी होती. पाठदुखीच्या गोळ्या कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत, आणि त्यात वयाचाही भाग असेल.

भावाशी बोलायचं राहिलं होतं. तो आता नाशिकला असतो, त्याला स्वतःची दोन मुलं. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आला तेव्हा मी वहीबद्दल सांगितलं. ओवाळून झालं होतं, ताट मधे होतं. तो म्हणाला, "सोड ना ताई, मला काही आठवत नाही त्यातलं." मी सोडलं. माझं झालं म्हणून त्याने पण बसावं असं काही नाही, आणि त्याला सांभाळणं हे पण माझं आता काम नाही, हे मला तिथल्या तिथे स्वतःला सांगावं लागलं. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, रात्री तीनला जाग येते गं, परत झोप लागत नाही, डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. मी त्याला श्वास सोडणं लांबवायचं तेवढं उभ्या उभ्या दाखवलं, चार आत, आठ बाहेर, त्याने माझ्यासमोर तीन-चारदा करून बघितलं, १४४१६ नंबर फोनमध्ये सेव्ह केला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेला.